क्लच व प्रचक्र
एंजिनाच्या भुजादंडाच्या टोकाशी बसविलेले जड चाक म्हणजे प्रचक्र. त्याच्या सपाट पृष्ठावर दाबली जाऊन शक्ती दंतचक्र पेटीकडे नेणारी तबकडी हा क्लचचा मुख्य भाग होय. भारतातील मोटारगाड्यांच्या संदर्भात या भागांचा इतिहास इंदापूर तालुक्याशी दूरान्वयाने जोडलेला आहे. तेथे वालचंदनगर वसविणारे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून पुढे फियाट व पद्मिनी गाड्या बाहेर पडल्या. आयातीवरील निर्बंधांमुळे त्या काळी जुन्या गाड्या, परदेशी स्पोर्ट्‌स गाड्यासुद्धा, दुरुस्त करूनच वापराव्या लागत. दंतचक्र पेटी उतरविण्याचे श्रम मोठे. म्हणून तबकडी, दाबपट्टिका व धारवा एकदमच बदलणे शहाणपणाचे ठरे. प्रचक्र मात्र सहसा टाकून देत नसत. घसरणाऱ्या क्लचच्या उष्णतेने त्यावर निळे डाग वा केसासारख्या भेगा पडल्या, की ते लेथवर तासून घेत. ही काटकसर मर्यादेपर्यंतच योग्य होती : खोल भेग राहिलेले ओतीव लोखंडी प्रचक्र वेगात फुटल्यास त्याचे तुकडे आवरण भेदून चालकाच्या पायांपर्यंत पोहोचू शकतात. बारामती येथे पियाजिओने २०१२ मध्ये ज्या व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू केले, तिचा क्लच अपकेंद्री आहे. तो चालकाला दाबावा लागत नाही.