श्वासाची मोजदाद : फुफ्फुसपरीक्षणात परिचारिकेचे स्थान

रुग्णाच्या छातीची परीक्षा कोणी करावी, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाही आहे. छाती ठोकून पाहणे आणि नळी लावून ऐकणे हे दीर्घकाळ डॉक्टरांचे काम मानले गेले. श्वास मोजून तक्त्यावर आकडा लिहिणे मात्र परिचारिकेकडे आले. ही वाटणी कशी झाली आणि तिचा परिणाम काय झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारास निमित्त झाले ते कोपर गावाचे. हे नव्या मुंबईतील कोपरखैरणे नव्हे. मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये, उल्हास खाडीच्या अंगाला असलेले, आता कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत सामावलेले कोपर होय. २०२० साली करोनाच्या साथीत या सबंध पट्ट्यात घराच्या उंबरठ्यावर उभे राहून माणसांच्या श्वासाची विचारपूस होऊ लागली. राज्य शासनाने त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली. तीत पथके घरोघर जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहत असत. पथकातील व्यक्ती बहुधा डॉक्टर नसे. फुफ्फुसाच्या परीक्षेचे हे उंबरठ्यावर येणे अचानक घडलेले नाही. त्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यकापासून आरंभ करणे सोयीचे होईल. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे संहिताकारांचे म्हणणे आहे. त्याच संहितेत श्वासरोगाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार वर्णिले आहेत. हे भेद श्वासाची लय, त्याचा आवाज आणि रुग्णाची बसण्या-निजण्याची धडपड पाहूनच केलेले आहेत. तमकश्वासाचा रोगी आडवा झाला की कासावीस होतो व उठून बसला की त्याला बरे वाटते, ही नोंद रात्रभर उशाशी बसल्यावाचून होणारी नव्हे. तेव्हा असे निरीक्षण प्रत्यक्षात उपस्थात्याच्याही वाट्याला येत असले पाहिजे, असा तर्क करावयास हरकत नाही. परंतु निदानाचा अधिकार वैद्याचाच होता.

युरोपात अठराव्या शतकापासून या परीक्षेला निराळे वळण लागले. व्हिएन्ना येथील लिओपोल्ड आवेनब्रुगर याने १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आतील स्थिती ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८०८ साली नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार याने तिचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा ती मान्यता पावली. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक याच्यासमोर हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री होती. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून ऐकले. पुढे तिच्या जागी लाकडी नळी आली. १८१९ साली त्याचा ग्रंथ बाहेर पडला आणि १८२६ साली तो स्वतः क्षयाने मरण पावला.

म्हणजे स्टेथोस्कोपचा जन्मच मुळी स्त्री-रुग्ण आणि पुरुष-वैद्य यांच्यामधील संकोचातून झाला. आपल्याकडे हा संकोच एवढ्या नळीने भरून निघणारा नव्हता. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पाश्चात्य परीक्षणपद्धती येथील विद्यार्थ्यांच्या हाती आली. परंतु पुष्कळ स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येतच नसत. यास्तव १८८३ साली डॉ. एडिथ पेची मुंबईस आल्या व १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. जेथे डॉक्टरच्या कानाला मज्जाव होता, तेथे स्त्रीच्या डोळ्यांना व हातांना प्रवेश होता.

याच कालखंडात कल्याणच्या एका मुलीचे नाव येते. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजेच आनंदीबाई, १८८३ साली अमेरिकेस गेल्या व मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. रॉबर्ट कॉक याने क्षयाचा जंतू मार्च १८८२ मध्ये जाहीर केला होता. छातीतील दोष ऐकण्याची विद्याही जगाला साठ वर्षे ठाऊक होती. औषध मात्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. छाती ऐकण्याची विद्या अंगी असलेल्या स्त्रीलाही अखेरीस आधार उरला तो अन्न, हवा, विसावा आणि उशाशी बसणाऱ्या माणसांचा. निदान आणि उपचार यांच्यामध्ये साठ वर्षांची जी पोकळी होती ती शुश्रूषेनेच सांभाळली, हे वैद्यकाच्या इतिहासात पुरेसे सांगितले जात नाही.

या शुश्रूषेला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय बव्हंशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्याकडे जाते. १८५९ सालच्या तिच्या शुश्रूषाविषयक पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. १८६० नंतरच्या दशकांत आखूड तापमापक प्रचारात आला आणि ताप, नाडी व श्वास यांचा तक्ता परिचारिकेच्या नित्यकर्माचा भाग बनला. येथेच वर उल्लेखिलेली वाटणी पक्की झाली. मोजावयाचे परिचारिकेने, अर्थ लावावयाचा डॉक्टरने. महाराष्ट्रात मिरजेचे मिशन रुग्णालय, तसेच रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली स्थापन झालेले पुण्याचे सेवासदन यांनी मराठी स्त्रियांना या व्यवसायाची वाट मोकळी करून दिली. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना तीमुळे स्वावलंबन लाभले, ही सामाजिक क्रांतीच होय. परंतु त्यांच्या हाती आलेला अधिकार आकडा लिहिण्यापुरताच राहिला.

त्यातही संख्या तुटपुंजी होती. १९४६ साली भोर समितीने अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. त्याच समितीच्या अंदाजाप्रमाणे क्षयाने दरवर्षी सुमारे पाच लक्ष माणसे मरत होती. अशा स्थितीत प्रत्येक रुग्णाचा श्वास मिनिटभर घड्याळ लावून मोजला जाईल, अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ होते.

ही वाटणी किती कृत्रिम होती, हे पुढे सिद्ध झाले ते गडचिरोली जिल्ह्यात. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान याने १९८४ साली असे दाखवून दिले होते, की लहान मुलांतील न्यूमोनिया ओळखण्यास श्वासाची वाढलेली गती हे उपयुक्त गमक आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने या तत्त्वावर खेड्यातील आरोग्यसेवक आणि सुइणी यांना शिकविले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत त्यांच्यासाठी मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असलेले एक साधन तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी ठरलेले मणी संपले तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करावयाचे. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू या गावांत ८.१, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५ होते. या सुइणींजवळ ना स्टेथोस्कोप होता, ना क्ष-किरणयंत्र. मग फरक कशाने पडला? आमच्या मते मोजणारी, अर्थ लावणारी आणि औषध देणारी व्यक्ती एकच होती, हे त्याचे एक मुख्य कारण आहे.

आता रुग्णालयाकडे वळू. प्रकृती ढासळू लागली की पुष्कळदा नाडी व रक्तदाब यांच्या आधी श्वासाची गती बदलते, हे आज सर्वमान्य आहे. इंग्लंडमधील फिजिशियनांच्या राजमान्य महाविद्यालयाने २०१२ साली केलेल्या गुणपद्धतीत प्रौढाचे मिनिटाला १२ ते २० श्वास स्वाभाविक मानले असून २५ किंवा त्याहून अधिक श्वासांना सर्वाधिक गुण, म्हणजे सर्वाधिक धोका, दर्शविला आहे. असे असूनही २००८ साली ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकात श्वासगतीला ‘दुर्लक्षित’ जीवनचिन्ह म्हणावे लागले. कोणत्याही कक्षातील तक्ते चाळावेत. रांगेने एकच आकडा आढळणे दुर्मिळ नाही. याचा दोष केवळ आळसाला देणे अन्यायाचे होईल. जो आकडा लिहिणाऱ्याला काही करण्याचा अधिकार देत नाही, तो कालांतराने निर्जीव होतो.

याला उत्तर म्हणून यंत्राकडे बोट दाखविले जाते. बोटाला लावावयाच्या प्राणवायूमापकाचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. त्यांचे निधन एप्रिल २०२० मध्ये, त्यांचे साधन घरोघर पोहोचत असतानाच झाले. या यंत्राने असंख्य प्राण वाचविले, यात संशय नाही. परंतु अमेरिकेत २०२० सालीच प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असता रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात बराच कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के होते. सावळ्या माणसांच्या देशात ही गोष्ट विसरून चालणार नाही. यंत्राचा आकडा बरा दिसत असतानाही नाकपुड्या फुलत असतील, बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल, एक वाक्य बोलताना माणूस दोनदा थांबत असेल, तर विश्वास डोळ्यांवर ठेवावा लागतो. आपल्याकडील आई मुलाचे ‘पोट उडते आहे’ असे म्हणते, तेव्हा ती हेच निरीक्षण करीत असते.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली सुधारलेल्या पदवी अभ्यासक्रमात आरोग्यपरीक्षणाला स्वतंत्र स्थान दिले आहे. दर्शन, स्पर्शन, आकोटन आणि श्रवण या चारही पायऱ्या परिचारिकेने शिकावयाच्या आहेत. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची वाटणी कागदावर तरी मिटली आहे. आता प्रश्न कौशल्याचा नसून अधिकाराचा व वेळेचा आहे. ऐकलेल्या घरघरीवरून परिचारिकेने डॉक्टरास बोलावले असता तिचे म्हणणे निदानाचा भाग मानले जाईल काय, आणि एका पाळीत तिच्याकडे इतकेच रुग्ण असतील काय, की प्रत्येकाजवळ तिला पूर्ण एक मिनिट थांबता येईल? कोपरच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या पथकाला जे एक मिनिट मिळत होते, ते रुग्णालयातील खाटेजवळ मिळू नये, याचे समर्थन इतिहासाच्या आधारे तरी करता येत नाही.