ईसीयू रिमॅपिंग

वाहनाच्या इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या छोट्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, कारखान्याने भरलेला प्रोग्रॅम बदलून मालकाच्या पसंतीचा प्रोग्रॅम चालवणे. गॅरेजच्या बोलीत याला ‘रिमॅप मारणे’ किंवा ‘चिप टाकणे’ म्हणतात. घरगुती गेम कन्सोलवर कंपनीने मंजूर न केलेले सॉफ्टवेअर चालवण्याचा जो उद्योग गेली तीन दशके जगभर चालला आहे, त्याचाच हा चाकांवरचा भाऊबंद आहे. दोन्हीकडे वस्तू विकत घेतलेली असते आणि तिच्यात काय चालावे हे ठरवण्याची चावी विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेली असते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा या प्रश्नाच्या अभ्यासाला सोयीचा आहे. टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने येथे आहेत, भोसरीत सीआयआरटी आणि चाकणला एआरएआयचे केंद्र अशा तपासणी संस्था आहेत, आणि तयार झालेल्या गाड्या ज्यांच्या हाताखालून पुढे जातात ती असंख्य छोटी गॅरेजेही येथेच आहेत. या नोंदीतील भूमिका अशी : प्रोग्रॅम वाचण्याचा व दुरुस्तीसाठी उघडण्याचा हक्क मालकाचा आहे, रस्त्यावर गाडीने काय करू नये हे सरकारने ठरवावे, पण ते मोजमाप करून, कंपनीच्या कुलपावर भिस्त ठेवून नव्हे.

कुलपाचा इतिहास कन्सोलपासून समजून घेणे सोपे जाते, कारण तेथे प्रदूषण, ब्रेक असले मुद्दे मधे येत नाहीत. १९९४ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कवर आतल्या कडेला एक सूक्ष्म लहर कोरलेली असे आणि तिच्यात प्रदेश सांगणारी चार अक्षरे दडलेली असत. साध्या सीडी-रायटरला ती लहर उमटवता येत नसे. मोडचिप नावाची चिमुकली चिप बोर्डावर डाग देऊन बसवली, की ती योग्य क्षणी हीच चार अक्षरे कन्सोलला ऐकवी आणि कन्सोल डिस्क अस्सल मानून चालू होई. या चिपमुळे चोरीच्या डिस्क चालत, हे खरेच. पण दुसऱ्या देशातून रीतसर विकत घेतलेली डिस्कही चाले. म्हणजे एकाच कुलपाने दोन कामे केली होती, चोरी रोखण्याचे आणि बाजारपेठा वेगळ्या ठेवण्याचे. पहिल्याची जाहीर चर्चा होई, दुसऱ्याची क्वचितच. प्लेस्टेशन-३ ची कथा आणखी बोलकी आहे. २००६ मध्ये सोनीने स्वतःच त्यावर लिनक्स बसवण्याची सोय दिली होती. अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन केंद्राने तर १,७६० प्लेस्टेशन जोडून एक महासंगणक उभारला. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने एका अपडेटने ती सोय काढून घेतली. अपडेट नाकारावा, तर ऑनलाइन खेळ बंद. त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत काही अभियंत्यांनी दाखवून दिले, की सोनीच्या डिजिटल सहीत दर वेळी नवा हवा असलेला आकडा प्रत्यक्षात एकच राहत होता; त्यामुळे गुप्त चावी गणिताने काढता येत होती. सोनीने २०११ मध्ये खटले भरले. मात्र विकलेल्या वस्तूतून सोय काढून घेण्याचे काय, या प्रश्नावरचा ग्राहकांचा दावा अमेरिकेत पुढे कित्येक वर्षे रेंगाळला.

चाकणच्या बाबतीत मोडचिपला समांतर उदाहरण दुचाकीत सापडते. बजाजच्या चाकण प्रकल्पात तयार होणारी केटीएम २०० ड्यूक २०१२ मध्ये आणि ३७३ सीसीची ३९० ड्यूक २०१३ मध्ये भारतीय बाजारात आली. दोन्हींत कार्ब्युरेटर नव्हता, फ्युएल इंजेक्शन होते. कार्ब्युरेटरच्या काळात जेट बदलणे किंवा हवेचा स्क्रू पाव आटा फिरवणे कोणत्याही मेस्त्रीच्या हातचे काम असे. इंजेक्शनच्या गाडीत हाच हिशेब ईसीयूतल्या तक्त्यांत जातो : इतके आरपीएम, इतका थ्रॉटल, तर इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघडा आणि ठिणगी इतके अंश आधी द्या. तक्ते बंद असल्यामुळे हौशी चालक पिगीबॅककडे वळले. बंगळूरूच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक हे त्यातले सर्वपरिचित नाव. सीट उचलून वायरिंगच्या कपलरमध्ये हा डबा जोडला, की तो सेन्सर आणि इंजेक्टर यांच्या मार्गात बसतो, संदेश वाचतो आणि इंजेक्टरला जाणारा काळ व ठिणगीची वेळ वाटेतच बदलतो. मूळ ईसीयूला याचा पत्ताही लागत नाही. डबा काढला की गाडी पूर्ववत, त्यामुळे सर्व्हिसला जाण्यापूर्वी तो उतरवण्याची पद्धतही रूढ झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषण मानके आली आणि कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या साध्या १०० सीसीच्या गाड्याही इंजेक्शनवर गेल्या. तोवर हौसेचा वाटणारा प्रश्न त्या दिवसापासून दूधवाल्याच्या आणि कामगाराच्या गाडीचाही झाला.

रिमॅप मारणे ही हौस मानली तरी दुरुस्ती ही गरज आहे, आणि कुलूप दोघांत भेद करत नाही. आजच्या मोटारीच्या ओबीडी पोर्टला स्कॅनर लावला, की साधे एरर कोड कोणालाही वाचता येतात. पण बदललेला इंजेक्टर नोंदवायचा किंवा नवा ईसीयू त्या गाडीशी जुळवायचा म्हटले, की ईसीयू आधी एक आकडा फेकतो आणि त्यावर गुप्त सूत्र चालवून निघणारे उत्तर मागतो. सूत्र कंपनीच्या अधिकृत उपकरणात असते. भोसरीच्या मेस्त्रीला बिघाड कळला, सुटा भाग मिळाला, बसवताही आला, तरी शेवटचा आकडा नसल्याने गाडी टो करून शोरूमला न्यावी लागते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात हेच दुखणे पकडले. सुटे भाग आणि निदान-उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना आयोगाने मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यात टाटा मोटर्सचा वाटा १,३४६ कोटींहून अधिक होता. महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेंझ हे चाकणकरही यादीत होते. बौद्धिक संपदेचा बचाव आयोगाने मान्य केला नाही आणि उपकरणे खुली करण्यास सांगितले. पुढे कंपन्या अपिलांत गेल्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढले, आणि त्यात वाहनांचा समावेश केला. पोर्टलवर माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर ठेवून हा हक्क कसा मिळणार, हे मात्र समजत नाही.

कुलपाच्या बाजूने सर्वांत वजनदार आक्षेप प्रदूषणाचा आहे. कन्सोलमध्ये काहीही चालवले तरी शेजाऱ्याच्या छातीत धूर जात नाही. डिझेल गाडीत धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह सॉफ्टवेअरने बंद केला तर जातो. काही गॅरेजवाले असे ‘डिलीट’ करून देतात आणि मालक ते करवून घेतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या आक्षेपाच्या मुळाशी असे गृहीत आहे, की चावी कंपनीच्या हाती राहिली तर हवा सुरक्षित राहते. फोक्सवॅगनने हे गृहीत उधळून लावले. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने कबूल केले, की जगभरातल्या सुमारे १.१ कोटी डिझेल गाड्यांत चाचणी चालू असल्याचे ओळखणारे सॉफ्टवेअर होते. चाचणीपुरती गाडी सभ्यपणे वागे, रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मोकळे सोडी. भारतात एआरएआयच्या तपासणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि आउडी मिळून सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. ७ मार्च २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. भारतातील मानकांचा भंग झालाच नाही, अशी कंपनीची भूमिका होती आणि सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. येथे महत्त्वाचे ते हे, की लबाडी उघडकीला आली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोजणीचे यंत्र गाडीच्या मागे बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजला तेव्हा. कुलपाने ती झाकूनच ठेवली होती. आणि उपाय काय झाला? गाड्या परत बोलावून नवा प्रोग्रॅम भरला गेला. म्हणजे कंपनीने स्वतःच रिमॅप मारला; मालकाला ना आधीचा तक्ता वाचता आला, ना नंतरचा.

यातून निघणारा मार्ग आपल्या पद्धतीत पूर्वीपासून आहे. कार्ब्युरेटरचा स्क्रू सरकारने कधी सील केला नाही. पीयूसी काढायला लावले. पीयूसी कच्चे आहे, कारण ते उभ्या गाडीचा धूर पाहते आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. तेव्हा चाचणी पक्की करणे हे काम उरते. नव्या मॉडेलांची रस्त्यावरची मोजणी बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून, सुरूही झाली आहे. तीच दृष्टी वापरातल्या गाड्यांना लावली, तर डिलीट केलेली गाडी पकडली जाईल आणि प्रामाणिक दुरुस्ती करणारा सुटेल. ब्रेक आणि एअरबॅगच्या बाबतीत मात्र आक्षेप मान्य करावा लागतो. तेथे चूक मोजणीत सापडेपर्यंत माणूस गेलेला असतो. म्हणून अशा नियंत्रकांत लिहिण्यावर बंधन हवे, वाचण्यावर नको. आणि इंजिनाच्या तक्त्यासाठी एअरबॅगचे कारण पुढे करू नये.

कायद्याचा तोल सध्या मालकाकडे झुकलेला नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेले कलम १८२अ अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड सांगते. त्याच कलमात उत्पादकाला १०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही नोंदवले पाहिजे. कॉपीराइट कायदा त्या मानाने उदार आहे. २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच; कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर ते कलम लागत नाही. दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवावी, एवढी अट आहे. अमेरिकेत याउलट १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणेच मुळात निषिद्ध आणि सवलती दर तीन वर्षांनी मागाव्या लागतात. २०१५ मध्ये तेथे मोटारी व ट्रॅक्टर यांच्या सॉफ्टवेअरला दुरुस्तीसाठी सवलत मिळाली. कन्सोलला २०१२ मध्ये नकार मिळाला होता, आणि २०२१ मध्ये मिळाली ती फक्त बिघडलेला डिस्क ड्राइव्ह बदलण्यापुरती. चोरीची भीती धुरापेक्षा मोठी ठरली, असे म्हणायला जागा आहे.

बजाजची विजेवरची चेतक जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. २०२२ पासून ती आकुर्डीच्या जुन्या जागेवर बनते. विजेच्या गाडीत धुराचा आक्षेपच नाहीसा होतो, पण प्रोग्रॅम हवेतून, मोबाइल नेटवर्कवरून बदलता येतो, आणि एप्रिल २०१० मध्ये प्लेस्टेशनचे झाले तसे तिचे होण्याची तांत्रिक शक्यता उघडी राहते. बॅटरीची मर्यादा, वेग, चार्जिंगचा दर, सारे तक्त्यांतच असते. वाहनांची सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेट यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियम १५५ व १५६ च्या धर्तीवर भारतात एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानके तयार झाली आहेत. नियम १५६ नुसार अपडेट कशासाठी आहे आणि त्याने काय बदलणार आहे हे वापरणाऱ्याला सांगावे लागते. या मानकांत आणखी दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात : विकताना असलेली सोय अपडेटने काढून घेतली तर भरपाई, आणि स्वतंत्र गॅरेजला ईसीयू उघडणारा तोच आकडा, शोरूमला मिळतो त्याच दिवशी, रास्त शुल्कात.