खारेपाटाचे पाणी कोणी राखले?

१/ पेणच्या पश्चिमेस धरमतर खाडीलगत आणि रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या काठाने पसरलेला सखल मुलूख म्हणजे खारेपाट. उधाणाचे पाणी येथे शेताहून उंच चढते. म्हणून येथील शेतीचा इतिहास हा आधी पाणी राखण्याचा इतिहास आहे.

२/ खाडीच्या कडेने मातीचा बांध आणि बांधात उघाडी. ओहोटीला आतले पाणी उघाडीची झडप ढकलून बाहेर पडते. भरतीचा दाब येताच झडप मिटते. पावसाचे गोडे पाणी जमिनीतील मीठ धुऊन याच वाटेने नेते, तेव्हा भात पिकते.

३/ बांधाआड, घराजवळच्या तळ्यांत जिताडा पोसला गेला. खाऱ्या पाण्यात जन्मणारा हा मासा गोड्या पाण्यात वाढतो, पण तेथे त्याची वीण होत नाही. पिल्ले खाडीचीच लागतात.

४/ साचलेल्या तळ्याचा वैरी शेवाळ. शेण, खरकटे, कुजका पेंढा पाण्यात गेला की उन्हात पाणी हिरवे होते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तोच वापरते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. मांसाहारी जिताडा शेवाळ खात नाही. कुजणारी घाण तळ्याबाहेर ठेवणे आणि पावसात जुने पाणी वाहून जाऊ देणे, हाच उपाय. मात्र त्या पाण्याला वाट हवी, म्हणजे उघाडी धड हवी.

५/ ती कोणी धड ठेवायची? एकोणिसाव्या शतकात पेणमध्ये शिलोत्री पद्धत होती. बांधाची डागडुजी शिलोत्रीदार खोताने करायची आणि त्यापोटी कुळाने जास्तीचे भात द्यायचे.

६/ १९४८ मध्ये मुंबई प्रांतात कूळकायदा झाला आणि खारजमिनींचा कायदाही. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. खोताचे देणे संपले, बांधाचे काम उरले. १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला. सरकारी योजनेतले बांध शासनाकडे राहिले, खाजगी बांध शेतकऱ्यांच्या माथी.

७/ बांधाला खांड पडली की उधाण शेतात शिरते आणि मीठ मातीत मुरते. जिताडा दोन्ही पाण्यांत जगतो. भाताला ती मुभा नाही. म्हणून खारेपाटात जमिनीच्या मालकीइतकाच मोठा प्रश्न एकच: बांध कोणाचा?