वीर कोण, प्रवासी कोण?

‘अंतराळवीर’ या आपल्या शब्दातच ‘वीर’ आहे. म्हणून तिकीट काढून जाणाऱ्याला तो लावताना जीभ अडखळते. २१ जून २००४ रोजी माइक मेलव्हिल यांनी ‘स्पेसशिपवन’ हे खासगी यान स्वतः चालवत १०० किलोमीटरपलीकडे नेले. अमेरिकी हवाई प्रशासनाने त्यांना व्यावसायिक अंतराळवीराचे पहिले पंखचिन्ह दिले.

२० जुलै २०२१ रोजी, जेफ बेझोस उडाले त्याच दिवशी, नियम कडक झाला: उड्डाणाच्या सुरक्षिततेला हातभार हवा. त्यांच्याच यानात ८२ वर्षांच्या वॉली फंक होत्या. १९६१मध्ये वैद्यकीय चाचण्या पार करूनही त्यांना दार बंद होते. अट जेट चाचणी-वैमानिकाची, आणि ते काम स्त्रियांना मिळत नसे!

२०२१अखेर पंखचिन्हे देणेच थांबले. यानात वॉलीबाई प्रवासीच होत्या; पण साठ वर्षांची जिद्द पाहता, त्यांना ‘वीर’ म्हणताना माझी जीभ अडखळत नाही.