साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहतीत परवडणाऱ्या घराची जाहिरात वाचली, की ‘हरित’ या शब्दाखाली छतावरील सौरपट्ट्या आणि पर्जन्यजल संधारण येते. मात्र मुंबईत स्वस्त घरांच्या आरोग्याचा विचार सुरू झाला तो याहून साध्या प्रश्नापासून: तळमजल्यावरच्या खोलीतून आकाश दिसते का?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. चाळींच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले ते त्यानंतर. १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. ट्रस्टने गरिबांची घरे पाडली अधिक आणि बांधली कमी, हा त्याच्यावरील आक्षेप खराच आहे. तरीही त्याने एक टिकाऊ मोजमाप शहराला दिले.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांमधील उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा होता. खोलीच्या बाह्य भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी हा कोन करणारी रेषा वर न्यावी. समोरच्या इमारतीने ती छेदू नये. भूमितीच्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. हा कोन मूळचा मुंबईचा नव्हे. १८९४ च्या लंडनच्या बांधकाम कायद्यात तो होता. लंडनच्या मंद सूर्यासाठी ठरलेला कोन मुंबईच्या दमट हवेत मुख्यतः वाऱ्यासाठी उपयोगी पडावा, ही गंमतच!

पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येकी १६० चौरस फुटांची खोली. इमारतींमध्ये अंतर राखले गेले. पण मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या असल्याने खिडकी एकाच बाजूला आली. समोरून वारा खेळवायचा तर बोळाकडचे दार उघडे ठेवणे भाग होते, आणि त्याबरोबर घराचा आडोसाही जाई.

या साऱ्याचा विसर किती महाग पडतो, ते गोवंडीच्या नटवर पारेख आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये दिसले. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या या उंच इमारतींमध्ये काही ठिकाणी अंतर केवळ तीन मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ने केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील क्षयरोगाचा संबंध अपुऱ्या उजेडाशी आणि खेळत्या हवेच्या अभावाशी असल्याचे आढळले. मोडक्या झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या कुटुंबांची ही कथा आहे.

मीरा-भाईंदरला लागू असलेली राज्याची २०२० ची विकास नियमावली ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण बंधनकारक करते. ते आवश्यकच. परंतु टाकी आणि सौरपट्ट्या इमारत उभी राहिल्यावरही बसवता येतात. दोन इमारतींमधले अंतर मागाहून वाढवता येत नाही.

ऑर यांच्या कोनाने आजची इमारत तपासायला यंत्र लागत नाही. मधली जागा दहा मीटर असेल, तर समोरची इमारत वीस मीटरपर्यंत चालेल, म्हणजे साधारण सहा मजले.