फोटोतला चामडी कोट

चामड्याची पारख कोल्हापूरकरांना आम्ही काय शिकवावी? पण एक हकीकत सांगण्यासारखी आहे. युनियनमधल्या एका कामगाराने आजोबांचा दुसऱ्या महायुद्धातला फोटो आणला. आजोबा वैमानिक होते अशी घरची समजूत. अंगात चामडी कोट होता ना!

आम्ही भिंग लावले. ब्रिटिश वैमानिकांचे अर्विन जाकीट लोकरीसकट मेंढीच्या कातड्याचे. बाहीला मनगटापासून चेन, कमरेला पट्टा. युद्ध लांबले तसे ते लहान तुकडे जोडून शिवू लागले. कातडे वाचविण्याची ही युक्ती आपल्या कारागिरांना काही नवी नाही. अमेरिकेच्या १९३१ च्या ए-२ जाकिटाला मनगटाशी व कमरेशी विणलेली पट्टी, पुढे झाकणाचे दोन खिसे.

फोटोतल्या कोटाला बाह्याच नव्हत्या! चार मोठी बटणे. म्हणजे थंडीत गणवेशावर चढवायचा, जमिनीवरच्या शिपायाचा जर्किन.

नातू हिरमुसला. तेव्हा आम्ही इटलीतल्या मराठा पलटणींचा विषय काढला. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले, ठाणे घेतले आणि तेथेच पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओकाठी नामदेव जाधवांनी जखमी सोबती गोळीबारातून वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, दोघेही पायदळाचे.

“मग आजोबांची पलटण कोणती?” त्याने विचारले. जर्किन ते सांगत नाही. आम्ही फोटो उलटा केला आणि मागचा पुसट शिक्का वाचू लागलो.