लांगरहान्स पेशीची कुळकथा

पॉल लांगरहान्स बर्लिनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी होता. १८६८ साली त्याने माणसाच्या कातडीचा तुकडा गोल्ड क्लोराइडच्या द्रावणात ठेवला. मज्जातंतू काळे होऊन उठून दिसावेत म्हणून तेव्हा ही पद्धत वापरत. सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यत्वचेच्या दाटीत त्याला फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. रंग मज्जातंतूंचा, ठेवणही तशीच. त्याने त्या मज्जासंस्थेच्या खाती जमा केल्या. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातली बेटे दाखवली आणि त्याचे नाव त्या बेटांना कायमचे चिकटले. क्षय झाल्याने तो मदैरा बेटावर जाऊन राहिला आणि १८८८ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, वारला. कातडीतल्या पेशी मात्र जवळजवळ शंभर वर्षे चुकीच्या घरात नांदल्या.

मधल्या काळात त्यांना जीर्ण झालेल्या रंगपेशी मानण्याची रीत पडली. १९६१ मध्ये बर्बेक आणि सहकाऱ्यांनी कोडाच्या डागातली त्वचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिथे रंगपेशी नाहीशा झालेल्या, पण या पेशी जागच्या जागी होत्या आणि त्यांच्या पोटात टेनिसच्या रॅकेटसारखे कण दिसत होते. रंगाशी नाते तुटले, तरी त्यांचे काम काय, हे कळले नव्हते.

ते कळायला किरणांची मदत झाली. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मार्गारेट क्रिपकी अतिनील किरणांनी उंदरांना होणाऱ्या त्वचेच्या गाठींचा अभ्यास करत होत्या. अशी गाठ त्याच वाणाच्या निरोगी उंदरात रोवली, तर बहुतेक वेळा त्याचे शरीर ती नष्ट करी. आधी किरणांचा मारा झालेल्या उंदरात मात्र ती फोफावे. म्हणजे हे किरण गाठ तर निर्माण करतातच, शिवाय तिला अडवणारी शक्तीही निजवतात.

१९८० मधला टोज, बर्गस्ट्रेसर आणि स्ट्राइलाइन यांचा प्रयोग मला या कथेत सर्वांत देखणा वाटतो. उंदराच्या पोटावर अ‍ॅलर्जी आणणारे रसायन लावायचे आणि काही दिवसांनी तेच कानावर लावायचे, कान सुजतो. पण पोटाच्या त्वचेवर आधी अतिनील किरण सोडून लांगरहान्स पेशी घालवल्या, तर कान जवळपास सुजत नाही. शेपटीच्या त्वचेत या पेशी मुळातच विरळ; तिथून सुरुवात केली तरी तेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नंतर चांगल्या त्वचेवर रसायन लावूनही असा उंदीर त्याला प्रतिसाद देईना. या पेशी परका पदार्थ उचलून लसिकाग्रंथीपर्यंत नेतात आणि तिथल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना दाखवतात, हे चित्र यातून घडत गेले. पुढच्या संशोधनाने त्यात भर घातली: याच पेशी कधीकधी प्रतिकार शमवतातही, आणि अतिनील किरणांचा परिणाम केवळ त्यांच्यामार्फत होत नाही.

२००२ मध्ये मिरियम मेराद यांच्या गटाने आणखी एक कोडे सोडवले. उंदराची अस्थिमज्जा किरणोत्साराने नष्ट करून दुसऱ्याची मज्जा बसवली, तर रक्तपेशी दात्याच्या होतात. लांगरहान्स पेशी मात्र कित्येक महिने मूळच्याच राहतात, त्वचेतच स्वतःची भर करत. अतिनील किरणांनी त्वचा पोळली की मात्र त्या घटतात आणि रक्तातून नव्या येऊन जागा घेतात.

खोल भाजण्यात तर त्या ज्या थरात राहतात तो थरच जळतो आणि जंतूंना वाट मोकळी होते. ती वाट झाकण्यासाठी १९४३ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात गिब्सन आणि मेडावार यांनी भाजलेल्या एका तरुणीला तिच्या भावाची त्वचा लावली. ती काही काळ टिकून गळाली. दुसऱ्यांदा लावलेली त्याहून लवकर गळाली. परकी त्वचा नाकारणे हे प्रतिकारशक्तीचे काम आहे, याचा हा ठोस पुरावा ठरला. मोठ्या भाजण्यात हीच शक्ती खचलेली असते, म्हणून परकी त्वचा थोडी जास्त टिकते. तेवढ्या आसऱ्याने जखम झाकून रुग्णाला वाचवता येते.

ती त्वचा दात्यांकडूनच मिळते. मुंबईत सायन रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या-पाठीवरचा पातळ थर घेतात, रक्तगट जुळावा लागत नाही. घरात आजच हे बोलून ठेवा आणि जवळच्या त्वचापेढीचा नंबर लिहून ठेवा.